लाँच सुटण्याआधी काय काय होतं? आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

गेटवेहून आमच्या लाँचने बंदराची फेरी मारणाऱ्या किंवा घारापुरीला जाणाऱ्या प्रत्येकासाठी हे पत्रक आहे. लाँचवर तुमच्या कानावर काही वाक्यं नक्की पडतील. "ताई, जरा त्या बाजूला बसा." "काका, वर आता जागा नाही." "अजून थोडा वेळ थांबावं लागेल." प्रत्येक वाक्यामागे कारण असतं, पण चढउतरीच्या गडबडीत ते समजावून सांगायला खलाशाला सवड नसते. ती कारणं इथे लिहिली आहेत.

सुकाणू सारंगाच्या हातात असतं आणि लाँचवर त्याचा शब्द शेवटचा. ड्रायव्हर खाली इंजिनापाशी असतो, त्यामुळे तो तुम्हाला क्वचितच दिसेल. दोर, चढउतार, जॅकेटं आणि साफसफाई ही सगळी कामं खलाशांची.

सकाळची तपासणी

दिवसाची सुरुवात तळातलं पाणी बघण्यापासून होते. लाकडी लाँच फळ्यांच्या सांध्यांतून थोडं पाणी घेतेच. रात्रभरात ते तळाच्या खळग्यात साचतं. पंप लावण्याआधी ड्रायव्हर बॅटरीच्या उजेडात ते नीट बघतो. रोजच्याइतकंच आहे की वाढलंय? वर तेलाचा तवंग आहे का? तवंग नसेल तर बोट बुडवून जिभेला लावतो. खारट लागलं तर समुद्राचं, गोडं लागलं तर आपलीच पाण्याची टाकी कुठेतरी गळते आहे. पाणी वाढलेलं असेल, तर कारण सापडेपर्यंत लाँच सुटत नाही, मग फेरी भरलेली असो वा रिकामी.

इंजिन चालू झालं की ड्रायव्हर लगेच वर येतो आणि कठड्यावरून वाकून बाहेर बघतो. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी आत घेतलं जातं आणि दुसरीकडून बाहेर टाकलं जातं. ती धार नीट पडते आहे ना, एवढंच त्याला बघायचं असतं. धार बारीक झाली म्हणजे पाणी ओढायच्या तोंडाशी काहीतरी अडकलंय, आणि बहुतेक वेळा ती प्लास्टिकची पिशवी असते. मग गाळणी उघडून साफ करायची. पिशवी किंवा तुटक्या जाळ्याचा दोर पंख्यात गुंतला, तर इंजिन बंद करून एका खलाशाला सुरी घेऊन पाण्यात उतरावं लागतं. बंदराचं पाणी गढूळ, हाताला लागेल तेवढंच कळतं. वेफर्सचं रिकामं पाकीट वाऱ्यावर सोडू नका असं आम्ही पुन्हापुन्हा सांगतो, ते या माणसासाठी. स्वच्छतेचा मुद्दा आहेच, पण आम्हाला आधी तो आठवतो.

वेळ भरती-ओहोटी ठरवते

मुंबई बंदरात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोज ती सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणात, पाण्याच्या पातळीतला फरक चार मीटरच्याही वर जातो. म्हणून सकाळी तुम्ही ज्या पायरीवरून सहज चढलात, तीच परतताना डोक्याच्या उंचीवर दिसू शकते, आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. घारापुरीच्या बाजूला ओहोटीत पाणी उथळ होतं, तिथेही सारंगाला वेळ सांभाळावी लागते.

आमच्याकडे छापील वेळापत्रक असतं, मोबाईलवरही बघतो. तरी जुन्या सारंगांचा हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अलिबागच्या किल्ल्यात ओहोटीत चालत जाण्याचा बेत असेल तर तुम्हालाही हा हिशेब उपयोगी पडेल.

त्यात वारा मिळवायचा. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना वारा समोरून आत येऊ लागला, की लाटा उभ्या आणि तुटक होतात. तेच पाणी तासाभराने शांत असतं. "थोडं थांबा" याचा अर्थ बरेचदा एवढाच असतो.

चढताना

खलाशी तुमचा पंजा न धरता मनगट धरेल, तुम्हीही त्याचं मनगट धरा. ओला पंजा निसटतो, मनगट सहसा निसटत नाही. लाँच वर येत असताना पाऊल टाकायचं, खाली जात असताना नाही. तो "आता!" म्हणेल तेव्हाच या. हातात मोबाईल नको. मूल आधी त्याच्याकडे द्या, मग तुम्ही. गर्दीच्या वेळी लाँच एकमेकींना लागून उभ्या असतात आणि मधे टायर लटकत असतात. दोन लाँचमधल्या फटीत हात किंवा पाय कधीही घालू नका. लाट आली की ती फट क्षणात बंद होते.

चढताना माणसं मोजली जातात, कडेवरचं बाळसुद्धा. किती प्रवासी घ्यायचे ही संख्या दरवर्षीच्या सर्व्हेत, म्हणजे लाँचच्या सरकारी तपासणीत, ठरते आणि लाँचवर लिहिलेली असते. तुम्ही ती वाचा आणि शंका आली तर विचारा. त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

वरच्या डेकवरून दृश्य छान दिसतं, हे मान्य. पण वजन जितकं उंचावर जाईल तितकी लाँच जास्त डुलते, म्हणून आधी खालच्या जागा भरतात. हिवाळ्यात कुरव (सीगल) पक्षी लाँचच्या मागे लागतात, कोणीतरी गाठ्या उधळतं आणि एका मिनिटात सगळे एकाच कठड्याला जमतात. लाँच त्या बाजूला कलते आणि सारंगाला सुकाणूत फरक जाणवतो. खलाशी ओरडला तर राग मानू नका. पक्ष्यांना खायला घालणं आमच्या लाँचवर बंद आहे.

जॅकेट

18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि माणसं गेली. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. पण सक्तीपेक्षा एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. पाण्यात पडल्यावर जॅकेट चढवणं जवळपास अशक्य असतं, म्हणून ते आधीच अंगावर हवं. दिवसअखेर खलाशी प्रत्येक जॅकेटचे पट्टे ओढून बघतो, शिट्टी वाजवून बघतो, ओली जॅकेटं सावलीत वाळवतो. ते उशी म्हणून खाली घेऊ नका. आतला फोम दबला की तरंगण्याची ताकद कमी होते. मुलांची जॅकेटं वेगळी असतात, ती खलाशाकडून मागून घ्या. उकाड्यात ते नकोसं होतं, हे आम्हाला कळतं. तरीही.

बंदरातून जाताना

मोठी जहाजं खोल पाण्याच्या ठरलेल्या वाटेनेच जाऊ शकतात, आणि त्यांना थांबायला किलोमीटरहून जास्त अंतर लागतं. म्हणून बाजूला आम्हीच व्हायचं. एक छोटा भोंगा म्हणजे "मी उजवीकडे वळतोय", दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं चाललंय. लागोपाठ पाच ऐकू आले, तर समोरच्याला आपलं काय चाललंय ते कळलेलं नाही. अशा वेळी सारंगाशी बोलू नका. अंधार पडल्यावर समोरच्या बोटीचा लाल दिवा दिसला तर आपल्याला तिची डावी बाजू दिसते आहे, हिरवा दिसला तर उजवी. लहान मुलांना हे ओळखायला फार आवडतं. नौदलाची गोदी आणि जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के यांच्यापासून आम्ही अंतर ठेवतो. तिथले फोटो काढू नका.

पावसाळा आणि बावटा

बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला की फेरी रद्द, गेटवेवर ऊन पडलेलं असलं तरी. पैसे पूर्ण परत मिळतील. पावसाळ्यात आमची लाँच उधाणाच्या भरतीला खाडीत वर ओढून शाकारतो, म्हणजे झाकून ठेवतो. पाणी उतरलं की तळ उघडा पडतो, त्याला चिकटलेले शिंपले खरवडतात, फळ्यांच्या फटींत कापसाचे पीळ ठोकून बसवतात, मग रंग. हे काम घाईत करता येत नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतो. त्यानंतर सर्व्हे झाला आणि हवा निवळली की फेऱ्या सुरू होतात.

परतल्यावर

गेटवे जवळ आला की सगळे उठून दाराशी येतात. कृपया बसून राहा. पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर बांधून खलाशी हात वर करेल, तेव्हा उठा. उतरताना पुन्हा माणसं मोजली जातात, त्यामुळे एक-एक करून या. एखादी वस्तू लाँचवर राहिली असेल तर त्याच दिवशी तिकीट खिडकीवर विचारा. तुम्ही उतरल्यावर खलाशी गोड्या पाण्याने डेक धुताना प्रत्येक बाकाखाली बघतात, आणि सापडलेली वस्तू तिथेच जमा करतात.