ग्रामीण आरोग्यसेवा प्रशिक्षण (ठाणे–नवी मुंबई)

वैद्यक, परिचर्या, दंतवैद्यक व आयुर्वेद शाखांच्या विद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांत काम करता यावे, यासाठी अभ्यासक्रमातच समाविष्ट केलेले क्षेत्रीय शिक्षण. प्राथमिक आरोग्य केंद्रातील पोस्टिंग, गृहभेटी व गावात मुक्काम ही त्याची प्रमुख अंगे होत.

या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक बंगालमधील सिंगूर येथील केंद्रापासून तिची सुरुवात मानतात. कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेने ते सामान्यतः १९३९ च्या सुमारास उभारले असे धरले जाते. काही ठिकाणी १९४४ हे वर्षही आढळते. संस्थेचे तत्कालीन संचालक जॉन ग्रँट यांनी त्यापूर्वी पेकिंगमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी वस्तीतले आरोग्य केंद्र चालवले होते. त्यामुळे ही कल्पना चीनमार्गे आली, या मतात तथ्य दिसते. दुसरा पक्ष देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या अहवालाकडे (१९४६) बोट दाखवतो. ‘सामाजिक वैद्य’ घडवण्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस त्यात होती. सिंगूर हे प्रात्यक्षिक केंद्र होते आणि सर्व महाविद्यालयांना लागू होईल असा विचार प्रथम भोर अहवालात आला. म्हणून हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. वैद्यकीय शिक्षणाविषयीच्या श्रीवास्तव समितीच्या अहवालानंतर (१९७५) १९७७ मध्ये ‘रोम’ (वैद्यकीय शिक्षणाला नवी दिशा देण्याची) योजना आली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी, असे तिचे स्वरूप होते. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या महाविद्यालयाने (१९६९) विद्यार्थ्यांना गावात राहायला लावण्याची प्रथा त्याआधीच रुजवली होती.

ठाणे परिसरात हे शिक्षण उशिरा आले, कारण येथील महाविद्यालयेच अलीकडची आहेत. नेरूळ व कामोठे येथील खाजगी महाविद्यालये १९८९ च्या आसपासची, तर ठाणे महानगरपालिकेचे कळवा येथील राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९९२ चे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे आदिवासी तालुके तिकडे गेले. ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाड आणि भिवंडीचा ग्रामीण भाग उरला. नवी मुंबईला पनवेल तालुक्यातील वाड्या जवळ पडतात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार इंटर्नला सामुदायिक वैद्यकात १२ आठवडे काढावे लागतात. २०२२ पासून कुटुंब दत्तक कार्यक्रमात पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात व त्यांचा पाठपुरावा पुढील वर्षांतही अपेक्षित असतो. येथील अडचण स्थलांतराची आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाडीवर गेलेल्या विद्यार्थ्याला दत्तक घराला कुलूप दिसते, आणि ज्या मुलाचा दंडघेर (कुपोषण ओळखण्यासाठी मोजलेला दंडाचा घेर) नोंदवायचा ते मूल भट्टीवरच्या झोपडीत असते. लॉगबुकात ‘कुटुंब अनुपस्थित’ एवढे लिहून थांबणाऱ्यापेक्षा आशाताईंकडून भट्टीचा पत्ता काढून तिथे दंड मोजायची पट्टी घेऊन जाणारा विद्यार्थी या शिक्षणाचा खरा हेतू गाठतो. मुक्कामाचा प्रश्नही इथेच येतो. आसनगाव किंवा वासिंदला लोकलने उतरून दुपारी परतता येते; पण ओपीडी संपल्यावरचा, रात्रीचा रुग्ण त्यात निसटतो.

अशा रात्रीच्या रुग्णांत सर्पदंश हा ठळक विषय. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असल्यास शिरेतले थोडे ताजे रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात व मग नळी कलती करतात. रक्त न गोठता वाहिले तर विषबाधा धरून प्रतिविष देतात. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली, तर रक्त गोठत नसल्याचा आभास होतो. मण्यारच्या दंशात ही चाचणी बहुधा निरुपयोगी ठरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री दंश होतो, खूण जेमतेम दिसते, आणि पापण्या जड होणे हेच पहिले ठळक लक्षण असू शकते. हे पाहायला विद्यार्थी पावसाळ्यात, रात्री केंद्रावर हजर असावा लागतो.

शासकीय व महानगरपालिका महाविद्यालयांतील पदवीधरांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तीन महिन्यांचा जिल्हा निवासी कार्यक्रम (जिल्हा रुग्णालयातील सेवा) आहे. परिचर्या विद्यार्थिनी सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या पोस्टिंगमध्ये उपकेंद्रावर लसीकरण व प्रसूतिपूर्व तपासणी शिकतात. डोंगराळ व आदिवासी भागात एका उपकेंद्रामागे ३,००० लोकसंख्येचा निकष आहे.