नाटफ्योड

नाटफ्योड : फिनलंडमधील ‘फिनट्रोल’ या फोक मेटल (लोकसंगीताची जोड दिलेले हेवी मेटल) बँडचा अल्बम (एप्रिल २००४). स्वीडिश नावाचा अर्थ ‘रात्री जन्मलेला’. २००३ चा ‘वीसोर ओम स्लूटेट’ (अखेरीविषयीची गाणी) हा छोटेखानी संग्रह मोजणारे याला चौथा अल्बम म्हणतात, न मोजणारे तिसरा. मूळ गायक यान यॅम्सेन ऊर्फ कात्ला यांच्या जागी तापिओ विल्स्का आल्यानंतरचा हा पहिला मोठा अल्बम होय.

बँडच्या नावाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. बँडने सांगितलेली कथा अशी : स्वीडिश पाद्र्यांची एक तुकडी फिनलंडच्या जंगलात आली असता एका रानटी पुरुषाने ती कापून काढली. वाचलेल्याने परत जाऊन ‘फिन-ट्रोल’ची वार्ता पसरवली (ट्रोल म्हणजे उत्तर युरोपच्या लोककथांतील राक्षसी प्राणी). पहिल्या अल्बममधील ट्रोलांचा राजा रिव्हफादर याच कथेच्या विस्तारातून येतो. १९९८ चा बँडचा डेमोही (पहिल्या अल्बमपूर्वीचे नमुना ध्वनिमुद्रण) त्याच्याच नावाचा आहे. कथेला जुन्या लोकपरंपरेचा आधार असल्याचे सांगितले जाते. शब्दाच्या बाजूने पाहता मात्र वेगळा मार्ग अधिक पटतो. मध्ययुगीन नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) साहित्यात ‘फिन’ हा शब्द बहुधा आजच्या फिनिश लोकांसाठी नव्हे, तर उत्तरेकडील सामी या आदिवासी लोकांसाठी येतो, आणि तेथे हे लोक जादूटोण्यात निष्णात मानलेले दिसतात. स्वीडिशमध्ये ‘ट्रोला’ या क्रियापदाचा अर्थ आजही ‘जादू करणे’ असाच आहे आणि ‘ट्रोलदूम’ म्हणजे चेटूक. तेव्हा ‘फिन’ आणि ‘ट्रोल’ हे शब्द जवळ येण्यास पाद्र्यांच्या हत्येची गरज नव्हती. शेजाऱ्याला चेटक्या ठरवण्याची जुनी सवय पुरेशी होती. बँडची कथा ही या सवयीला फिनिश बाजूने दिलेले खोडकर उत्तर म्हणून वाचणे बरे.

फिनलंडमध्ये स्वीडिश ही दुसरी राष्ट्रभाषा असली, तरी मातृभाषा म्हणून ती जेमतेम पाच टक्के लोकांची आहे. फिनट्रोलची गाणी सुरुवातीपासून स्वीडिशमध्ये आहेत. कात्ला हे स्वीडिशभाषक आणि ही भाषा ट्रोलांच्या तोंडी शोभते, अशी दोन कारणे दिली जातात.

संगीताचा पाया हुम्पा या नृत्यप्रकारात आहे. परदेशी समीक्षक त्याला सर्रास पोल्का म्हणतात. ते ढोबळ मानाने चालेल, पण नेमके नव्हे. पोल्का एकोणिसाव्या शतकातील बोहेमियातून आला. हुम्पाची मुळे १९२० व १९३०च्या दशकांतील फिनिश नृत्यसंगीतात, म्हणजे फॉक्सट्रॉट आणि त्या काळच्या जॅझमध्ये आहेत. ‘हुम्पा’ हे नाव त्याहून बरेच नंतरचे. ते बहुधा १९५०च्या दशकात अंतेरो आल्पोला यांनी एका रेडिओ कार्यक्रमासाठी रूढ केले. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये ऐकलेल्या वाद्यवृंदाच्या वर्णनावरून त्यांना ते सुचले असे सांगितले जाते. ट्युबा या मोठ्या पितळी वाद्याचा ‘हुम्’ आणि त्यामागून येणारा ‘पा’ हा ठेका कानांवर पडला की व्युत्पत्ती वेगळी समजावून द्यावी लागत नाही. फिनट्रोलने हा जलद दोन-मात्रांचा ठेका ब्लॅक मेटल या कर्कश, काळोख्या मेटलप्रकाराच्या गिटारांखाली घातला. ‘याक्टेन्स तीद’ (२००१) या अल्बममध्ये सामी परंपरेतील योइक गायनही आहे. ते गायन योन्ने यॅर्वेलॅ यांचे. पुढे कोर्पिक्लानी या बँडमुळे यॅर्वेलॅ प्रसिद्ध झाले.

१९९७ मध्ये गिटारवादक तेमू राइमोरांता (सोम्नियम) आणि कात्ला यांनी बँड स्थापन केला. कात्लांना घशाच्या विकारामुळे गायन सोडावे लागले. मार्च २००३ मध्ये सोम्नियम यांचा हेलसिंकीतील एका पुलावरून पडून मृत्यू झाला. ‘वीसोर ओम स्लूटेट’ हे याच काळातले, बहुतांशी विजेच्या गिटारांविना केलेले, जंगलातील झोपडीत ध्वनिमुद्रित झालेले काम आहे.

‘नाटफ्योड’मध्ये सोम्नियम यांच्या जागी मिकाएल कार्लबोम (रौता) आले. विल्स्का श्रोत्यांना अपरिचित नव्हते. नाइटविश या फिनिश मेटल बँडच्या १९९८ च्या ‘ओशनबॉर्न’ या अल्बमवर त्यांनी पाहुणा गायक म्हणून गायले होते. कात्लांचा आवाज वरचा आणि खरखरीत, तर विल्स्का यांचा खालचा, भरदार. मात्र गायक बदलला तरी शब्द बदलले नाहीत. कात्ला गीतकार म्हणून बँडसोबत राहिले आणि चालींची मुख्य जबाबदारी हेन्री सोर्वाली (ट्रोलहॉर्न) यांच्याकडेच होती. नव्या गायकाचा अल्बम असूनही तो जुन्यांशी तुटलेला वाटत नाही, याचे कारण आवाजात शोधण्यापेक्षा येथे शोधावे. ‘ट्रोलहमारेन’ हे गाणे अल्बमच्या आधी त्याच वर्षी छोट्या संग्रहाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. बँडचे सर्वांत परिचित गाणे बहुधा तेच. हुम्पाचा ठेका त्यात सर्वांत उघडपणे ऐकू येतो. मुखपृष्ठे बहुतेककरून गिटारवादक स्क्रिमर यांचीच असतात.

विल्स्का यांना २००६ च्या आरंभी बँडमधून काढण्यात आले आणि मथियास लिलमोन्स (व्रेत) गायक झाले. त्यांच्यासह निघालेला ‘ऊर यूर्डेन्स यूप’ (२००७) अधिक काळोखा आहे. हुम्पा त्यात मागे सरकला आहे. ‘व्रेडेसव्हेव्ड’ (२०२०) या अल्बमवरही गायक व्रेतच आहेत.