रोजची दुचाकी निवडताना : सोलापुरातल्या चार प्रश्नांची पार्श्वभूमी

सोलापुरात घरात नवी गाडी घ्यायचं ठरलं की चार प्रश्न हमखास निघतात. अ‍ॅव्हरेज किती, बटण-स्टार्ट आहे का, पायाशी सामान राहतं का आणि उद्या विकली तर किती येतील. हे प्रश्न एका वेळी जन्मलेले नाहीत. प्रत्येकामागे दुचाकीचा एक काळ आहे, आणि त्यातले काही प्रश्न त्यांचा काळ सरला तरी सवयीने विचारले जातात.

विक्रीच्या किमतीचा प्रश्न परवाना राजवटीतला. बजाजने इटलीच्या पियाजिओशी करार करून १९६० च्या दशकात व्हेस्पा देशात बनवली. करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या, हे सरकारी परवान्यावर ठरे. त्यामुळे नंबर लावून अनेक वर्षं थांबावं लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र गाडी लवकर मिळे. अशा टंचाईत वापरलेली चेतक नव्या गाडीच्या छापील किमतीहून महाग विकली गेली, यात नवल नाही. ‘विकताना किती येतील’ याला तेव्हा खरोखर अर्थ होता.

सोलापूर तेव्हा गिरणगाव होतं. १८७७ ची जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. कामगारांच्या चाळी गिरण्यांच्या आसपासच, आणि भोंगा झाला की माणूस चालत नाहीतर सायकलवर निघे. स्कूटर दिसे ती नोकरदाराकडे किंवा पेठेतल्या व्यापाऱ्याकडे. तिचं पत्र्याचं अंग दणकट आणि मागे स्टेपनी. पुढचं-मागचं चाक एकाच मापाचं असल्याने पंक्चर झालं की पाना काढून चाक तिथेच बदलायचं. आजच्या बहुतेक स्कूटरांत ही सोय नाही. पण इंजिन उजव्या बाजूला असल्याने गाडी तिकडे ओढे. शिवाय टू-स्ट्रोक इंजिनाला लिटरमागे २० मिली ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावं लागे. जास्त पडलं तर प्लगवर काजळी धरून गाडी मिसिंग करायची, कमी पडलं तर पिस्टन जाम. डिकीत जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचा तो यासाठीच.

१९७२ मध्येच कायनेटिकची लूना आली, ५० सीसी आणि पायडल असलेली. पुढे १९८० मध्ये टीव्हीएस ५०. मोपेडने दाखवून दिलं की रोजच्या गाडीला वेग फारसा लागत नाही, ओझं पेलता आलं पाहिजे. चादरी-टॉवेलचे गठ्ठे, भाजीची पोती, दुधाचे कॅन यांचं गणित आजही तेच आहे. म्हणून फोर-स्ट्रोक झालेली टीव्हीएसची १०० सीसीची एक्सएल मोपेड बाजारात टिकून आहे. शोरूममध्ये तिच्याकडे कुणी वळून बघत नाही, पण रोज ५०-६० किलो माल न्यायचा असेल तर महागडी स्कूटर घेऊन तिचा मागचा शॉकअप खराब करण्यापेक्षा ती बरी.

अ‍ॅव्हरेजचा प्रश्न १९८५ चा. सरकारने परदेशी कंपन्यांशी भागीदारीला वाट दिली आणि दोन-तीन वर्षांत इंड-सुझुकी, हीरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज या गाड्या रस्त्यावर आल्या. यात सीडी १०० एकटी फोर-स्ट्रोक होती. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरात ताजं मिश्रण शिरत असतानाच धूर बाहेर जाण्याची वाट उघडी असते, त्यामुळे काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. फोर-स्ट्रोकला वेगळे व्हॉल्व्ह असल्याने ही गळती जवळजवळ थांबली. ९७.२ सीसीच्या या इंजिनाची जाहिरात ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ अशी होती. लोकांनी तिसरा शब्द जरा जास्तच मनावर घेतला. टू-स्ट्रोकवाल्याला इंजिन ऑइल बदलण्याची सवयच नव्हती, कारण ते पेट्रोलबरोबर जळून जाई. नव्या इंजिनात पाऊण ते एक लिटर ऑइल कायम फिरत असतं. ते काळं, पातळ होईपर्यंत ठेवलं की व्हॉल्व्ह हलवणारे कॅम आणि रॉकर झिजतात, वरून टकटक येऊ लागते. आजही ‘चांगल्या अ‍ॅव्हरेजच्या’ सेकंडहँड गाडीत ही टकटक आधी ऐकावी, अ‍ॅव्हरेजचा आकडा नंतर.

१९९४ च्या स्प्लेंडरने तेच इंजिन घराघरात नेलं. त्याच सुमारास सोलापूरही बदललं. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, १९९२ च्या हद्दवाढीने शहर पसरलं, वस्ती जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडे सरकली. काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा पुणे रस्त्यावर चिंचोळीला. पुढे कुंभारीला विडी कामगारांची मोठी घरकुलं झाली. चालत जाण्याचं अंतर राहिलं नाही आणि महापालिकेच्या बसचा भरवसा कमी होत गेला.

बटण-स्टार्ट आणि बिनगिअरची स्कूटर १९८० च्या दशकात कायनेटिक होंडाने आणली होती, पण ती टू-स्ट्रोक आणि पेट्रोलला खादाड. २००० च्या प्रदूषण नियमांनी टू-स्ट्रोकची वाट अरुंद केली. २००१ मध्ये १०२ सीसीची फोर-स्ट्रोक अ‍ॅक्टिव्हा आली आणि घरातल्या सगळ्यांना चालवता येईल अशी गाडी मिळाली. इथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय असलेल्या घरांत पायाशी २० लिटरचा जार मावणं ही चैन नव्हती. पायाशी सामानाचा प्रश्न तिथला, आणि तो अजून पूर्णपणे खरा आहे.

या सोयीची किंमत बेल्टमध्ये आहे. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये रोलर, बेल्ट आणि क्लच शू मिळून गिअरचं काम करतात. धूळ आत गेली की शू गुळगुळीत होतात आणि गाडी जागेवरून उठताना थरथरते. रोलर एका बाजूने चपटे झाले की पिकअप मरतो. २०-२४ हजार किमीला बेल्ट बदलणं, मागच्या चाकाजवळचं सव्वाशे मिलीच्या आसपासचं गिअर ऑइल बदलणं, ही कामं अनेकजण इंजिन ऑइल बदलताना विसरतात. एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ करू नये. कागदावरचा तेलाचा थर जातो आणि बारीक धूळ थेट इंजिनात. सोलापूरच्या धुळीत तो पुस्तिकेतल्या अंतराच्या आधीच बघावा.

यात चाकाच्या मापाचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि आमच्या मते पहिला प्रश्न तोच असावा. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, वर ऊसाचे ट्रॅक्टर. अशा खड्ड्यात १० इंची चाक उतरतं, १८ इंची वरून जातं. जुन्या अ‍ॅक्टिव्हाला पुढे-मागे १० इंच आणि पुढे साधा लिंकचा शॉकअप होता. टीव्हीएसच्या २०१३ च्या ज्युपिटरने दोन्हीकडे १२ इंच आणि पुढे मोटारसायकलसारखा टेलिस्कोपिक काटा दिला. होंडाने ११० सीसी अ‍ॅक्टिव्हाचं पुढचं चाक १२ इंची केलं ते २०२० च्या ६जीमध्ये. शहरातल्या शहरात आठ-दहा किमी असेल तर १२ इंची स्कूटर पुरते. चिंचोळीसारखं महामार्गावरचं रोजचं जाणं-येणं असेल तर १८ इंची चाकाची १००-१२५ सीसी मोटारसायकल घ्यावी. पाठ आणि हँडलखालच्या बेअरिंगचा कोन सेट, दोन्ही जास्त टिकतात. चेन पूर्ण झाकलेली असेल तर धुळीत आणखी चांगलं.

गेल्या काही वर्षांत बदल नियमांनी घडवले. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सर्व नव्या गाड्यांना जोडब्रेक (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक), त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. जोडब्रेकची वायर जास्त ताणली गेली तर पुढचं चाक घासत राहतं आणि अ‍ॅव्हरेज पडतं. ब्रेक आवळून घेतल्यावर दोन्ही चाकं हाताने फिरवून पाहावीत. एप्रिल २०२० च्या बीएस ६ प्रदूषण नियमांनी कार्ब्युरेटर घालवून इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन आणलं. सकाळी चोक ओढणं संपलं, पण गाडी बॅटरीवर अवलंबून झाली. मे महिन्यातल्या ४३-४४ अंशांत छोटी सीलबंद बॅटरी लवकर थकते, आणि ती पूर्ण उतरली की अनेक मॉडेलांत किक मारूनही गाडी उठत नाही. तीन वर्षं झाली की उन्हाळ्याआधी व्होल्टेज तपासून घ्यावं. गाडी काही तास बंद असताना १२.४ च्या खाली दिसलं तर चार्ज करून पुन्हा बघावं, तरीही उतरत असेल तर बदलावी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. पेट्रोल गाडी आणि इलेक्ट्रिक स्कूटर यांच्या किमतीतला फरक त्यामुळे पुन्हा सरकला. चेतक हे नाव २०२० पासून इलेक्ट्रिक स्कूटरवर आहे. इलेक्ट्रिक घेताना किमीच्या दाव्याआधी प्लग कुठे लावणार ते बघावं, कारण बॅटरी निघत नसेल आणि घर तिसऱ्या मजल्यावर असेल तर खाली पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून अर्थिंगसह १५ अँपिअरचा पॉइंट ओढावा लागतो. दुपारी उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नये. सावलीत अर्धा-पाऊण तास थांबून लावावं.