मिथेनॉल-पाण्याच्या फवाऱ्यासाठी सोलेनॉइड व्हॉल्व्ह निवडताना

टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, हवा दाबतो तेव्हा ती तापते. बाहेर ३० अंश सेल्सिअस असलेली हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली, तर टर्बोतून निघताना तिचं तापमान सव्वाशे अंशांच्या आसपास पोहोचतं. अशी हवा सिलिंडरात गेली, की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि इंजिन नॉकिंग करू लागतं. यावरचा जुना उपाय म्हणजे आत जाणाऱ्या हवेत पाणी आणि मिथेनॉलचा बारीक फवारा. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते, मिथेनॉलला ११००, पेट्रोलला साधारण ३५०. ही उष्णता बरीचशी त्या हवेतूनच शोषली जाते.

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन लढाऊ विमानं यासाठी ‘एमडब्ल्यू ५०’ हे मिश्रण वापरत. त्यात निम्मं मिथेनॉल, जवळपास निम्मं पाणी आणि अर्धा टक्का गंजरोधक तेल असे. मिश्रण धातू खातं हे त्या अभियंत्यांना ठाऊक होतं. आज गाडीत हा संच बसवताना पंप आणि नॉझलवर भरपूर चर्चा होते, व्हॉल्व्ह मात्र हाताला लागेल तो घेतला जातो. मला हे फार चुकीचं वाटतं.

सोलेनॉइड व्हॉल्व्हला वीज मिळाली की त्यातली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, चुंबक बनते आणि छिद्र झाकणारा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, उचलते. पण या व्हॉल्व्हचं खरं काम उघडण्यापेक्षा घट्ट बंद राहण्याचं आहे. टाकी अनेकदा डिकीत, नॉझलपेक्षा उंच असते. नॉझल थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, पुढे इंजिनाच्या बाजूला असेल, तर इंजिन आयडलिंगला असताना तिथला निर्वात मिश्रण खेचत राहतो. गाडी बंद असताना ते सिलिंडरात साचलं, तर पुढच्या स्टार्टला पिस्टन न दबणाऱ्या द्रवावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर होतं तेच हे नुकसान. म्हणून वीज नसताना बंद राहणारा, म्हणजे ‘नॉर्मली क्लोज्ड’ व्हॉल्व्हच हवा, आणि तो नॉझलच्या शक्य तितका जवळ. लांब असेल तर मधल्या नळीतलं मिश्रण पंप थांबल्यावरही ठिबकत राहतं.

आता आकार. इथे लोक हमखास मोठा व्हॉल्व्ह घेतात. पण २०० किलोवॉटचं इंजिनसुद्धा पूर्ण जोरात मिनिटाला जेमतेम सव्वा ते दीड लिटर पेट्रोल पितं. मिश्रण त्याच्या १५ ते २० टक्के धरलं, तर मिनिटाला पाव लिटरच्या आसपास होतं. एवढ्यासाठी २ मिमीचं छिद्र पुरून उरतं. उलट मोठ्या छिद्राची किंमत कॉइलला मोजावी लागते. पंपाचा दाब १५ बार असेल, तर २ मिमीच्या छिद्रावरचा प्लंजर उचलायला, स्प्रिंगचा जोर सोडून, साधारण ५ न्यूटन बळ लागतं. छिद्र ४ मिमीचं केलं की तेच १९ न्यूटन होतं.

मोठ्या छिद्रासाठी पायलट प्रकारचे व्हॉल्व्ह मिळतात. धुलाई यंत्रात पाणी सोडणारा व्हॉल्व्ह याच जातीचा. त्यात द्रवाचाच दाब पडदा उचलतो, त्यामुळे किमान दाबफरक नसेल तर तो नीट उघडत नाही. आपल्या छोट्या प्रवाहाला हा प्रकार नकोच. थेट उचलणारा, लहान छिद्राचा व्हॉल्व्ह घ्यावा. बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेचा, दाब उलट दिशेने आला तर कमजोर स्प्रिंगचा प्लंजर उचकटू शकतो, म्हणून सोबत एकाच दिशेने वाहू देणारा एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही असू द्यावा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सीलच्या रबरात. ‘व्हायटॉन’ म्हटलं की उत्तम, असा समज आहे. पेट्रोल आणि तेलासाठी तो खराही आहे, पण साध्या प्रकारचं व्हायटॉन मिथेनॉलमध्ये फुगतं. इथे ईपीडीएम हे दुसऱ्या जातीचं रबर किंवा टेफ्लॉन हवं. ईपीडीएमला पेट्रोल आणि तेल चालत नाही, तेव्हा तो व्हॉल्व्ह पुन्हा इंधनाच्या लाइनला वापरू नये. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी टाळावी, स्टेनलेस उत्तम. प्लंजर मात्र ३०४ स्टेनलेसचा चालत नाही, कारण ते चुंबकाला दाद देत नाही. चांगले उत्पादक तिथे ४३० जातीचं चुंबकीय स्टेनलेस वापरतात. प्लंजर कायम मिश्रणात बुडालेला असतो. तो गंजला की अडकतो.

बॉनेटखालची उष्णता हा दुसरा शत्रू. २० अंशांवरची कॉइल १०० अंशांवर गेली की तांब्याचा रोध सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो, विजेचा प्रवाह त्या मानाने घटतो आणि चुंबकाची ओढ जवळजवळ ४० टक्के कमी होते. टेबलावर टक्कन उघडणारा व्हॉल्व्ह घाटात का उघडत नाही, याचं कारण बहुधा हेच. दुसऱ्या बाजूने, चालू गाडीत १२ ऐवजी १४.४ व्होल्ट मिळतात आणि त्याच रोधाची कॉइल ४४ टक्के जास्त उष्णता तयार करते. म्हणून १८० अंश सोसणारी, ‘क्लास एच’ इन्सुलेशनची कॉइल घ्यावी.

व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी तो कधीतरी अडकेल, हे धरूनच संच बांधावा. १९६२च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये पाणी-मिथेनॉलचा द्रव संपला की बूस्ट आपोआप मर्यादित होत असे. आज तेच काम लाइनमधला, मिश्रणाचा प्रवाह मोजणारा फ्लो सेन्सर करू शकतो. तो नसेल तर मिश्रणाच्या भरवशावर इग्निशनचं टायमिंग पुढे घेऊ नये, म्हणजे ठिणगी लवकर पाडू नये.

बसवण्याआधी व्हॉल्व्हचे सुटे भाग आठवडाभर त्याच मिश्रणात बुडवून ठेवा आणि सीलची जाडी आधी-नंतर व्हर्नियरने मोजा. हे उघड्या हवेत, हातमोजे घालून करा. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि ते पोटात जाणं जीवघेणं असतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक जीव घेतले. बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि ती कुलपात ठेवा. पुढची चाचणी साध्या पाण्यावर होते. कॉइल अर्धा तास चालू ठेवून तापू द्या, मग ११ व्होल्टवर पंपाच्या पूर्ण दाबाविरुद्ध व्हॉल्व्ह उघडतो का पाहा. शेवटी वीज काढून, लाइनमध्ये दाब ठेवून, नळीच्या टोकाखाली कोरा टिश्यू रात्रभर राहू द्या. सकाळी तो ओला असेल, तर तो व्हॉल्व्ह गाडीत बसवू नका.