इन्सर्ट झाल्यावर नंबर परत मिळवायची गोष्ट

शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, डेटाबेसच्या एका टेबलात आणि तिच्या खालचे कट्टे, वजन, भाव दुसऱ्या टेबलात, म्हणून पट्टी सेव्ह झाली (डेटाबेसच्या भाषेत इन्सर्ट, म्हणजे नवी ओळ टाकणं) की तिचा आयडी, म्हणजे नंबर, लगेच हातात पाहिजे, नाहीतर खालच्या नोंदी जोडायच्या कशाला? लातूरच्या मोंढ्यात एका आडतीसाठी मी हे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सरळ टेबलातला मॅक्स आयडी, म्हणजे सगळ्यात मोठा नंबर, काढायचो. एक कॉम्प्युटर होता तोवर भागलं. सोयाबीनच्या सीझनला दुसरा काउंटर लागला, दोन पट्ट्या मागोमाग सेव्ह झाल्या आणि माझ्या क्वेरीने (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने) शेजारच्याचाच नंबर आणला. "माझे कट्टे ह्याच्या पट्टीवर कसे काय चढायलेत?" असं विचारत तो माणूस काउंटरला उभा राहिला, वर्षाचा माल होता त्याचा.

ही अडचण लई जुनी. आधी लोक नंबरांचं वेगळं टेबल ठेवून त्याला लॉक लावायचे, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडायचे, नंबर बरोबर यायचा पण बाकीचे सगळे ताटकळायचे. मग डेटाबेसच नंबर द्यायला लागला. ओरॅकल, पोस्टग्रेस ह्या डेटाबेसमध्ये सीक्वेन्स, म्हणजे नंबर देणारा वेगळा काउंटर, तिथं तर इन्सर्टच्या आधीच नंबर मागून घेता येतो. मायएसक्यूएलमध्ये ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे ओळ टाकली की नंबर आपोआप वाढतो, आणि त्याचं लास्ट इन्सर्ट आयडी आपल्या कनेक्शनपुरतंच असतं, शेजारच्या काउंटरने काहीही टाकलं तरी आपला नंबर बदलत नाही. माझं उत्तर तिथंच होतं, मला माहीत नव्हतं. फक्त एका इन्सर्टमध्ये दहा ओळी टाकल्या तर ते पहिल्या ओळीचाच नंबर देतं.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये १९९५ ला आयडेंटिटी, म्हणजे असाच आपोआप नंबर घेणारा कॉलम, आली. तिथला घोळ वेगळाच, टेबलावर ट्रिगर (नोंद पडली की आपोआप चालणारा कोड) असला आणि त्याने लॉगच्या टेबलात नोंद टाकली की शेवटचा नंबर सांगणारं @@आयडेंटिटी त्या लॉगचा नंबर द्यायचं, म्हणून २००० च्या आवृत्तीत ट्रिगरचा नंबर न धरणारं स्कोप आयडेंटिटी आणावं लागलं. जावावाल्यांना २००२ ला जेडीबीसी ३.० मध्ये (जेडीबीसी म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलायची पद्धत) तयार झालेला नंबर परत देणारं गेट जनरेटेड कीज मिळालं, त्याआधी प्रत्येक डेटाबेससाठी वेगळी क्वेरी लिहा.

मला विचाराल तर खरा बदल रिटर्निंगचा. पोस्टग्रेस ८.२ मध्ये २००६ ला आलं, एसक्यूलाइटमध्ये थेट २०२१ ला. इन्सर्ट करतानाच आयडी परत येतो, दहा ओळी टाकल्या तर दहाही येतात, मागून विचारायची गरजच नाही. त्या आडतीचं काम आता पोस्टग्रेसवर आहे, पट्टी आणि तिचे कट्टे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं एकदम नाहीतर काहीच नाही असं, जातात, तीन काउंटर चालू असले तरी.