जि.प. शाळेत वाचनाचा उपक्रम चालवायचाय? संस्थेची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कसा करायचा

गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेत वाचन वर्ग चालवायचा, गोष्टीची पुस्तकं द्यायची आणि त्यासाठी एखाद्या कंपनीचा सीएसआर निधी (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा) मिळवायचा, असं खूप जणांच्या मनात असतं, पण निधीचा अर्ज हा सगळ्यात शेवटचा टप्पा आहे हे कुणी सांगत नाही आणि मग लोक पहिल्याच मीटिंगला अडकतात. असर या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता येणारी मुलं देशभरात फक्त २३.४ टक्के आहेत, म्हणजे कामाची गरज आहेच, फक्त कागद वेळेवर हवेत.

आधी संस्था. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) करायचा तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली. सोसायटी करायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने किमान ७ सभासद लागतात, आणि आपल्याकडे सोसायटीला न्यास म्हणूनही नोंदणी घ्यावी लागते. तिसरा पर्याय कलम ८ ची कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी. लहान गटाला न्यास किंवा सोसायटीच बरी पडते असं माझं मत. उद्देशांमध्ये "शिक्षण" स्पष्ट लिहून घ्या, नुसतं "समाजकार्य" लिहिलं की पुढे प्रत्येक ठिकाणी प्रश्न येतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती) द्यायचा असतो, तो राहिला तर कागदावर जुनीच माणसं दिसतात आणि बँकेपासून पोर्टलपर्यंत सगळीकडे गाडी थांबते.

संस्थेचं पॅन आणि बँक खातं झालं की नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंदणी करा, त्याला फी नाही. संस्थेचं पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, पदाधिकाऱ्यांचं पॅन आणि आधार हाताशी ठेवा, आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते बघा. "शिक्षण मंडळ" आणि "शिक्षणमंडळ" एवढ्या फरकानेसुद्धा इंग्रजी स्पेलिंग बदलतं आणि पडताळणी अडू शकते.

मग आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी. पहिली १२ए असली तर संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत मिळते, दुसरी असली तर देणगीदाराला. नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, नंतर नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो आणि तो मुदत संपण्याच्या किमान ६ महिने आधी करायचा, पण काम त्याआधीच सुरू झालं असेल तर काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, बोलताना लोक अजून जुनेच नंबर वापरतात, म्हणून फॉर्म भरताना पोर्टलवरचंच नाव बघा. आणि २००० रुपयांच्या वर रोख देणगी दिली तर देणगीदाराला सवलत मिळत नाही, हे पावती फाडतानाच सांगा.

आता सीएसआर-१, म्हणजे सीएसआर निधी घेण्यासाठी संस्थेने करायच्या नोंदणीचा फॉर्म. कंपनीला तिचा सीएसआर निधी तुमच्यामार्फत खर्च करायचा असेल तर तुमच्याकडे हा नोंदणी क्रमांक हवाच, १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर, त्याला १२ए, ८०जी, पॅन आणि एका पदाधिकाऱ्याची डिजिटल सही लागते आणि सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटकडून फॉर्म प्रमाणित करून घ्यावा लागतो. क्रमांक मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून हजेरी, पुस्तकवाटपाची नोंद, खर्चाची व्हाउचर आणि दरवर्षीचं ऑडिट जपून ठेवा. निधी नसला तरी एका शाळेत आठवड्याला दोन दिवस वर्ग घेतला तरी तो अनुभवच आहे, फक्त तो लिहिलेला पाहिजे.

शाळेची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. मुख्याध्यापकांना भेटा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडायला सांगा आणि ठरावाची प्रत घ्या. या समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यांना पटलं तर पोरं नियमित येतात. मग गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे एक पानी अर्ज करा: शाळेचं नाव, ११ अंकी यूडायस कोड (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), कोणत्या इयत्ता, कोणते दिवस, किती वेळ, कोण शिकवणार. शाळेच्या वेळेत घेणार की सुटल्यावर, हे लिहायला विसरू नका, बहुतेक वेळा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतात. सोबत संस्थेचं प्रमाणपत्र, समितीचा ठराव आणि शिकवणाऱ्यांची पोलीस चारित्र्य पडताळणी जोडा. जास्त शाळा घ्यायच्या असतील तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक यांच्याकडे जा, तिथे बहुधा सामंजस्य करार करावा लागतो. मुलांचे फोटो काढणार असाल तर पालकांची लेखी संमती घ्या.

वर्ग सुरू करायच्या आधी एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घ्या आणि पातळी लिहा: अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट. "पाऊस आला" सरळ वाचणारी मुलगी "विद्यार्थी"शी येऊन थांबते, म्हणजे तिला जोडाक्षरांचा सराव हवाय, सगळी बाराखडी पुन्हा नकोय. तिला चौथीत आहे म्हणून चौथीच्या गटात न बसवता पातळीप्रमाणे बसवा. हाच तक्ता दर तीन महिन्यांनी भरत गेलात की कंपनीला द्यायच्या अहवालासाठी वेगळं काही जमवावं लागत नाही.

संस्था नाहीये आणि एकट्यालाच वेळ द्यायचाय तर यातलं बहुतेक काहीच लागत नाही, शिक्षण मंत्रालयाच्या विद्यांजली पोर्टलवर स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा, जवळच्या शाळेने मागणी टाकलेली आहे का बघा, नसेल तर मुख्याध्यापकांना भेटून टाकायला सांगा.