उंच गाडीत सामान जास्त मावतं?

'एसयूव्ही उंच, म्हणजे डिकीही मोठी. स्टेशन वॅगन म्हणजे नुसती ताणलेली सेडान,' हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं नाही. (स्टेशन वॅगन म्हणजे सेडानसारखीच बुटकी, पण छत थेट डिकीच्या टोकापर्यंत गेलेली गाडी.) उंचीचा उपयोग सीटच्या पाठीपर्यंतच. त्यावर सामान रचलं, की आरशात मागचं दिसेनासं होतं आणि जोरात ब्रेक लागला की बॅग थेट डोक्यावर. फोक्सवॅगनच्या 2014 च्या पसाट वॅगनची डिकी 650 लिटरची. त्याच कंपनीच्या 2016 च्या टिग्वान एसयूव्हीची, मागची सीट पुढे सरकवूनही 615. शिवाय वॅगनची डिकी जमिनीला जवळ, म्हातारा कुत्राही आपणहून चढतो. आणि मंद म्हणाल, तर 1994 मध्ये व्होल्वोने 850 वॅगन चक्क ब्रिटिश टूरिंग कार शर्यतींत उतरवली होती! खड्ड्यांच्या रस्त्यावर मात्र उंच गाडीच बरी.